तुरट मुरतं तेव्हा

(नाशिकमध्ये फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी.

तुमच्यापैकी प्रत्येकासमोर तीन ग्लास आहेत. शेजारी एक कागदी पेला, पाणी आणि एक कोरा पांढरा कागद. घोट घ्यायची घाई करू नका. पहिल्या ग्लासात गेल्या हंगामातली, शिराझ जातीच्या काळ्या द्राक्षाची लाल वाईन आहे. दुसऱ्यात नऊ वर्षांपूर्वीची, कॅबरने सोव्हिन्यो आणि शिराझ या दोन द्राक्षांची एकत्र केलेली वाईन आहे. तिसऱ्यात काय आहे ते शेवटी सांगतो. त्याआधी तुमच्या नाकानेच सांगितलं तर फार बरं.

कागदी पेला थुंकण्यासाठी आहे. संकोच करू नका, आम्ही वायनरीत दिवसभर तेच करतो. चाखणं वेगळं आणि पिणं वेगळं. ज्यांना इथून गाडी चालवत ओझरला, पिंपळगावला परत जायचंय त्यांनी प्रत्येक घोट थुंकायचा, ही माझी विनंती समजा. आणि जे अजिबात घेत नाहीत त्यांनी नुसता वास घ्यावा. या विषयातलं निम्म्याहून जास्त काम नाकच करतं, त्यामुळे तुमचं फारसं काही बुडत नाही.

मी दिंडोरी तालुक्यातल्या द्राक्षबागायतदाराच्या घरातला. आमची बाग थॉमसनची, म्हणजे खायच्या द्राक्षाची. मणी फुगवायचा, साल पातळ राहिली पाहिजे, बी नको, दाताखाली करकरीत लागलं पाहिजे, घड एकसारखा दिसला पाहिजे, यात वडिलांची उभी हयात गेली. विरळणी, घड औषधात बुडवायचं डिपिंग, भुरी आणि डावणी या रोगांवरची फवारणी, सगळं त्या एका मण्यासाठी. नंतर आम्ही थोड्या क्षेत्रात वाईनची द्राक्षं लावली. पहिला माल तयार झाला तेव्हा वडिलांनी शिराझचा एक घड हातात घेतला. बोटाच्या पेरापेक्षाही बारीक मणी. एक तोंडात टाकला, चावला, बी थुंकली आणि म्हणाले, "अरे, यात खायचं काय? नुसती साल न् बी."

त्यानंतर वीस वर्षं मी वायनरीच्या तळघरात काम करतोय. भरदार लाल वाईन म्हणजे काय, हे त्या तीन शब्दांहून नेमकं मला कोणी सांगितलेलं नाही. साल न् बी.

उद्या घरी एखादं काळं द्राक्ष चिमटीत दाबून बघा. रस पांढुरकाच निघतो. रंग सालीत असतो. तुरटपणा सालीत आणि बियांत असतो. पांढरी वाईन करताना आम्ही द्राक्षं दाबून रस लगेच वेगळा करतो. लाल वाईनला रस, साल, बी सगळं एकत्र आंबवतो. आंबताना जो वायू सुटतो तो साली वर ढकलतो, त्यांचा जाड थर रसावर तरंगतो. तो दिवसातून दोन-तीनदा खाली दाबायचा किंवा खालचा रस उपसून त्यावर सोडायचा. हलकी लाल वाईन पाच-सहा दिवसांत सालीवरून काढून घेतात. भरदार करायची असेल तर दोन-तीन आठवडेही ठेवतात. मणी जितका बारीक तितकी रसाच्या मानाने साल जास्त, म्हणून वडिलांना जो मणी खाण्यालायक वाटला नाही तोच आम्हाला हवा असतो. एकाच तालुक्यात, एकाच मातीत, एक शेतकरी साल पातळ करायला झटतोय आणि शेजारचा जाड करायला.

आता तुरट या शब्दाकडे येतो, कारण आजचं माझं सगळं सांगणं या एका शब्दाभोवती आहे.

आपल्याकडे रस सहा. गोड, आंबट, खारट, तिखट, कडू आणि तुरट. आयुर्वेदात तुरटाला कषाय म्हटलंय आणि त्याचं लक्षण असं दिलंय की जीभ ताठरते आणि घसा आवळल्यासारखा होतो. आजचं शास्त्र तुरटाला चवींत धरत नाही, तो स्पर्श मानतं. आपल्या लाळेत काही प्रथिनं असतात, त्यांच्यामुळे तोंड आतून बुळबुळीत राहतं. सालीतलं आणि बियांतलं तुरट द्रव्य, म्हणजे टॅनिन, त्या प्रथिनांना धरून गोळा करतं, बुळबुळीतपणा जातो आणि जीभ टाळूला घासायला लागते. म्हणजे तुरट आपल्याला कळतो तो घर्षणातून. कषायाचं जुनं वर्णनही स्पर्शाचंच आहे, हे मला विलक्षण वाटतं.

टॅनिन हा शब्द कातडं कमावण्यावरून आलाय. आपल्याकडे कातडं कमावायला बाभळीची साल वापरली, हिरडा वापरला. सह्याद्रीतला हिरडा त्यासाठी कित्येक वर्षं विकला जातोय. आणि तोच हिरडा खोकला झाला की आजी तोंडात धरायला लावायची. कातड्यातल्या प्रथिनांना जे घट्ट धरतं, तेच लाळेतल्या प्रथिनांना धरतं. वाईनमधलं टॅनिन त्याच कुळातलं.

मग बघा, मराठी माणसाचं तोंड तुरटासाठी किती तयार असतं. आवळा, जांभूळ, सुपारी, कात, कच्चं केळं, अर्धवट पिकलेला पेरू, डाळिंबाची साल, फार उकळलेला कोरा चहा. आपल्याला हे सगळे तुरट वेगवेगळे ओळखू येतात, फक्त त्यांची नावं आपण कधी लिहून ठेवलेली नाहीत. मी सुरुवातीची दोन वर्षं माझ्या वहीत इंग्रजी पुस्तकांतले शब्द उतरवत होतो. ब्लॅककरंट लिहायचो. ब्लॅककरंट मी तेव्हा खाल्लं नव्हतं, पाहिलंही नव्हतं. एका मे महिन्यात त्र्यंबकच्या रस्त्याला टोपलीतली करवंदं विकत घेतली, पहिलं फोडून तोंडात टाकलं आणि थांबलोच. गडद, आंबटगोड, सालीला किंचित चीक, शेवटी बारीक तुरट. आमच्या कॅबरनेत मी दोन वर्षं हेच हुंगत होतो. त्या दिवसापासून वहीत करवंद लिहायला लागलो आणि तेव्हापासून माझ्या नोंदी मला पुन्हा वाचता येतात.

चला, पहिला ग्लास. कागदावर तिरपा धरा आणि कडेचा रंग बघा. पिकलेल्या जांभळाचा डाग पडतो तसा, निळसर झाक असलेला. हा तरुण रंग. आता ग्लास न हलवता वास घ्या. मग टेबलावरच ठेवून दोन-चार वेळा गोल फिरवा आणि पुन्हा नाक घाला. दुसऱ्यांदा जास्त आला ना? काय आलं?

(श्रोत्यांतून: "मिरी.")

बरोबर, काळी मिरी. आणि हे नुसतं साम्य नाही. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ साली दाखवून दिलं की शिराझमधला मिरीचा वास रोटंडोन नावाच्या रेणूमुळे येतो, आणि मिऱ्यातही तोच रेणू असतो. साधारण पाचातल्या एकाला तो वास येतच नाही. तेव्हा शेजाऱ्याला मिरी आली आणि तुम्हाला आली नाही, तर तुमचं काही चुकलं असं समजू नका. तुमचं नाक वेगळं घडलंय.

आता घोट घ्या, लहानच. गिळू नका. तोंडात सगळीकडे फिरू द्या, हिरड्यांपर्यंत जाऊ द्या. ओठ किंचित उघडून थोडी हवा आत ओढा. आवाज होईल, होऊ द्या. जिभेच्या टोकाला गोड आणि कडेला आंबट कळतं असा जो नकाशा शाळेत शिकवला जायचा, तो चुकीचा आहे. सगळ्या चवी सगळ्या जिभेला कळतात. तुरट शोधायचा असेल तर मात्र जिभेपेक्षा हिरड्यांकडे आणि गालांच्या आतल्या बाजूकडे लक्ष द्या. आता थुंका किंवा गिळा, आणि मनात आकडे मोजा. चव कधी सरते?

ही वाईन तुम्हाला खडबडीत लागली असेल. हिरड्यांवरून कोणी सुपारीचं खांड फिरवलं असं. पण तो हिरवा तुरट नव्हता, हे लक्षात घ्या. हिरवा तुरट म्हणजे कच्च्या केळ्याचा. बी पिकायच्या आत द्राक्षं तोडली की तो येतो, आणि तो दहा वर्षं ठेवला तरी हिरवाच राहतो. म्हणून तोडणीच्या दिवसांत आम्ही बागेत फिरून द्राक्षं चावतो आणि बी दाताखाली फोडून बघतो. बी तपकिरी झाली पाहिजे, कुडुम वाजली पाहिजे, भाजलेल्या दाण्यासारखी लागली पाहिजे. साखर किती उतरली ते यंत्र सांगतं. बी पिकली का, ते दातच सांगतात. हा पहिल्या ग्लासातला तुरट पिकलेला आहे, फक्त अजून कोवळ्या वयाचा आहे. त्याला वेळ हवाय.

भरदारपणाबद्दल थोडंसं. वाईनला अंग असतं असं मी म्हणतो. ताक आणि बासुंदी यांत तोंडाला जो वजनाचा फरक जाणवतो, तो. अल्कोहोल, टॅनिन, द्राक्षातले विरघळलेले बाकीचे घटक, सगळ्यांनी मिळून ते अंग भरतं. या वाईनमध्ये चौदा टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल आहे, म्हणून गिळल्यावर छातीत ऊब जाणवते. पण अंगाने भरलेली वाईन मुरेलच असं मुळीच नाही, आणि या ठिकाणी लोक फार फसतात. काळीकुट्ट, दाट, पिंपाच्या लाकडाच्या वासाने भरलेली वाईन तीन वर्षांत गळून पडलेली मी पाहिली आहे. उलट फ्रान्सच्या बर्गंडीतली पिनो न्वारची वाईन रंगाला फिकी, अंगाने सडपातळ, पण चांगली असली तर दशकं टिकते.

मुरायला काय लागतं? पिकलेलं टॅनिन तर हवंच. त्याच्याइतकीच आंबट बाजू लागते, आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. आम्लता चांगली असली, सामू म्हणजे pH खाली असला, की जिवाणू दबून राहतात, रंग टिकतो, वाईन म्हातारी व्हायचा वेग कमी होतो. नाशिकची अडचण इथेच आहे, आणि आपल्या लोकांसमोर ती मी मोकळेपणाने बोलेन. युरोपात द्राक्षं सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पिकतात, दिवस थंड होत जाताना. आपल्याकडे वेलीला हिवाळ्याची झोपच नाही. एप्रिलमध्ये खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी आणि माल जानेवारी ते मार्च. म्हणजे घड पिकत असतो तेव्हा ऊन वाढत असतं. साखर झपाझप चढते आणि आंबटपणा तितक्याच झपाट्याने उतरतो. आपल्याला वाचवतात ते दोन आधार. एक म्हणजे साधारण सहाशे मीटरची उंची, आणि दुसरी डिसेंबर-जानेवारीतली रात्रीची थंडी. निफाडचा पारा घसरल्याची बातमी आपण दर वर्षी वाचतो. द्राक्षाला ती कडाक्याची रात्र म्हणजे दिवसभर गमावलेल्या आंबटपणाला लावलेला बांध असते. म्हणून ज्याला मुरणारी लाल वाईन करायची आहे त्याने पहाटे तोडणी करावी, घड विरळ ठेवावेत, एकरी तीन-चार टनांवर समाधान मानावं. खाण्याच्या द्राक्षात एकरी दहा टन बघितलेल्या माणसाला हे पटवणं सोपं नाही. मी वडिलांना पटवायला तीन हंगाम घेतले.

आणि हेही सांगतो, आपण फार नवे आहोत. इथल्या सुला वायनरीच्या पहिल्या बाटल्या २००० साली बाजारात आल्या, आणि त्या पांढऱ्या होत्या, शेनँ ब्लाँ आणि सोव्हिन्यो ब्लाँ. राज्याचं द्राक्षप्रक्रिया धोरण आलं २००१ मध्ये. नाशिकची लाल वाईन पंचवीस वर्षं मुरते का, या प्रश्नाला आज खात्रीचं उत्तर देता येत नाही, कारण इतक्या जुन्या बाटल्या जवळजवळ नाहीतच. मी जे चाखलंय त्यावरून माझं मत असं की आपल्या चांगल्या रिझर्व्ह, म्हणजे निवडक मालाच्या, बाटल्या पाच ते आठ वर्षं सुंदर मुरतात, काही मोजक्या दहाच्या पुढे जातील. बाकीच्या वर्ष-दोन वर्षांत प्याव्यात. जगातली बहुतेक वाईन अशीच लवकर पिण्यासाठी केलेली असते, त्यात कमीपणा काहीच नाही.

नव्यांनी धीर का धरावा, यासाठी एक हकिगत सांगतो. ऑस्ट्रेलियात पेनफोल्ड्स या वाईन कंपनीत मॅक्स शुबर्ट नावाचे मुख्य वाईनमेकर होते. १९५० साली कंपनीने त्यांना युरोपला पाठवलं, शेरी ही स्पेनची कडक वाईन कशी करतात ते बघायला. परतताना ते फ्रान्समधल्या बोर्दोला गेले. तिथे त्यांना चाळीस-पन्नास वर्षं मुरलेल्या लाल वाईन चाखायला मिळाल्या. ऑस्ट्रेलियात तेव्हा गोड, कडक वाईनचा धंदा होता, असं काही कोणी करत नव्हतं. त्यांनी ठरवलं, आपण करायचं. कॅबरने पुरेशी नव्हती, म्हणून हाताशी होती ती शिराझ घेतली. वाईन ठेवायच्या पिंपांना फ्रेंच ओकचं लाकूड नव्हतं, म्हणून अमेरिकन ओकची पिंपं घेतली. १९५१ची पहिली वाईन प्रयोगापुरती होती. पुढच्या काही वर्षांच्या बाटल्या कंपनीने सिडनीत जाणकारांसमोर ठेवल्या आणि त्यांनी नाकं मुरडली. वाईन कोवळी होती, टॅनिनने अंगावर येत होती. १९५७ साली वरून हुकूम आला, हे बंद करा.

शुबर्ट यांनी बंद केलं नाही. १९५७, ५८, ५९ अशी तीन वर्षं ते ही वाईन वरिष्ठांच्या नकळत करत राहिले. नव्या पिंपांना पैसे नव्हते, जुन्यांवर भागवलं. दरम्यान पहिल्या बाटल्या तळघरात पडल्या पडल्या मुरत होत्या. काही वर्षांनी त्या पुन्हा उघडल्या तेव्हा ज्यांनी नाकारली होती त्यांनाच ती आवडली, आणि १९६०च्या हंगामाला परत परवानगी मिळाली. तीच ग्रेंज. आज ऑस्ट्रेलियातली सगळ्यात नावाजलेली लाल वाईन. शिराझची आहे. आणि आपल्या नाशिकच्या काळ्या मातीत, मुरमात जी लाल द्राक्षं रुळली त्यांत शिराझ अगदी पुढे आहे. मला ही गोष्ट म्हणून पुन्हा पुन्हा सांगावीशी वाटते.

दुसरी हकिगत थोडक्यात. २४ मे १९७६ला पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परियर या इंग्रज वाईन व्यापाऱ्याने फ्रेंच परीक्षकांना लेबलं झाकून वाईन चाखायला दिल्या आणि लाल वाईनमध्ये कॅलिफोर्नियाची स्टॅग्ज लीप पहिली आली. फ्रान्सकडून म्हणणं आलं की आत्ता जिंकलात, पण आमच्या वाईन मुरतात, तुमच्या मुरणार नाहीत. म्हणून बरोबर तीस वर्षांनी, २००६ साली, त्याच लाल वाईन पुन्हा चाखल्या गेल्या, एकाच दिवशी लंडन आणि कॅलिफोर्नियातल्या नापामध्ये. पहिले पाच क्रमांक कॅलिफोर्नियाचे होते. रिज माँटे बेलोची १९७१ची वाईन पहिली आली, जी १९७६ला पाचवी होती. कोणती वाईन मुरेल हे तरुणपणी ओळखणं किती अवघड आहे, याचा इतका स्वच्छ दाखला दुसरा मला माहीत नाही.

आता दुसरा ग्लास. कागदावर धरा. जांभळाची झाक गेली, कडेला विटकरी आली, कातासारखी. लाल वाईन वयाबरोबर फिकट होते, पांढरी गडद होते. बाटलीत काय होतं, तर टॅनिन आणि रंगाचे रेणू एकमेकांना धरत जातात, साखळ्या मोठ्या होतात, फार मोठ्या झाल्या की जड होऊन तळाला बसतात. जुन्या बाटलीतला गाळ तो हाच. लाळेला धरणारं टॅनिन असं बदलत जातं आणि तोंडातली टोकं बोथट होतात. बुचातून अगदी किंचित हवा आत झिरपते, तिचाही यात हात आहे. इंग्रजीत याला नुसतं वय होणं म्हणतात. आपल्याकडे मुरणं हा शब्द आहे आणि तो कितीतरी नेमका आहे. कैरीची फोड आणि मसाला भरणीत घातल्या दिवशी वेगवेगळे लागतात. वर्षाने फोड कुठली आणि खार कुठला, जिभेला सांगता येत नाही. वाईनमध्ये फळ, लाकूड, आंबटपणा आणि तुरट यांचं तसंच होतं.

मधे एक काळ असा येतो की वाईन मुकी होते. तरुणपणाचं फळ गेलेलं असतं आणि मुरल्याचे वास अजून आलेले नसतात. दोन-तीन वर्षं ती काहीच बोलत नाही. अशा वेळी बाटली उघडली तर निराशा होते आणि माणूस म्हणतो, वाया गेली. ती वाया गेलेली नसते. तिला परत आडवी करून ठेवावं.

वास घ्या. करवंद आहे, पण सुकलेलं, मुरंब्यासारखं. सुकं अंजीर. लवंग, ती पिंपाच्या लाकडातून आली. आमचं पिंप २२५ लिटरचं, म्हणजे तीनशे बाटल्यांचं, आणि त्याच्या आतल्या बाजूला विस्तवाचा शेक दिलेला असतो. लवंगेतलं युजेनॉल ओकच्या लाकडातही असतं. अमेरिकन ओक असेल तर सुक्या खोबऱ्याचा वासही येतो. त्याच्याही खाली, नीट थांबलात तर, चामडं आणि जुन्या लाकडी कपाटाचा वास. आता घोट. तुरट आहे? आहे. पण हिरड्यांना धरत नाही, जिभेवर पसरतो. जुन्या सुती लुगड्याचा हातात धरल्यावर लागतो तसा मऊपणा. मोजा. मी काल चाखली तेव्हा वीसच्या पुढे आकडे गेले होते.

मघाशी एका काकूंनी विचारलं की हे घरी कसं जमवायचं. आधी तापमान. लाल वाईन घरच्या तापमानाला प्यावी असं सगळीकडे छापलेलं असतं. ते घर युरोपातलं, जुन्या दगडी भिंतींचं, सोळा-अठरा अंशांचं. नाशिकचा एप्रिल त्यांनी पाहिलेला नाही. आपल्याकडे भरदार लाल वाईनही उघडण्याआधी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. गरम वाईनमधून नाकात नुसतं अल्कोहोल चढतं. तरुण वाईन तासभर आधी भांड्यात ओतून ठेवा, हवा लागून ती मोकळी होते. जुनी मात्र आदल्या दिवशी उभी करून ठेवा म्हणजे गाळ तळाला बसेल, मग मागे उजेड धरून हळू ओता आणि गाळ मानेशी आला की थांबा. जुनीला फार वेळ हवा देऊ नका, तिच्यात आधीच जे उरलंय ते उडून जातं. उघडल्यावर ओल्या गोणपाटासारखा, भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा वास आला तर ते बुचाचं दूषण समजा. त्याने अपाय होत नाही, पण ती बाटली हवा लागून सुधारणारही नाही. दुकानदाराला परत करा.

जेवणाबद्दल एवढंच, की मिसळीबरोबर ही घेऊ नका. तिखट, टॅनिन आणि अल्कोहोल तिन्ही मिळून तोंड पेटतं. टॅनिनला स्निग्ध आणि प्रथिनं लागतात. कमी तिखटाचं सुकं मटण, शेंगदाणे-खोबरं घातलेलं भरलं वांगं, जुनं चीज. काळ्या मसाल्यातल्या दगडफुलाचं आणि मुरलेल्या शिराझचं फार छान जमतं, हे मात्र करून बघाच.

साठवण. बारा ते चौदा अंश, अंधार, हादरे नकोत, बुचाची बाटली आडवी म्हणजे बूच ओलं राहील. तापमान थोडं जास्त असलं तरी चालेल, पण दिवसरात्र वरखाली होता कामा नये. जुन्या वाड्यांतली तळघरं, उत्तरेकडची मातीच्या भिंतीची खोली, यापेक्षा चांगलं काही नाही. ती नसेल तर वाईनसाठीचं लहान कपाट मिळतं. तेही नसेल तर मेमध्ये साध्या फ्रिजचा खालचा कप्पा चालेल. आणि एकाच वाईनच्या सहा बाटल्या घ्या, वर्षाला एक उघडा, तारीख घालून वहीत मराठीत लिहा. सहा वर्षांनी ती वही कुठल्याही पुस्तकापेक्षा तुम्हाला जास्त शिकवेल.

आता तिसरा ग्लास. रंग बघा, दुसऱ्यापेक्षाही तपकिरी. वास घ्या. उकळलेला मनुका, करपट साखर. करवंद कुठेच नाही. घोट घ्या. सुरुवात गोडसर, मग मधे काहीच नाही, आणि शेवटी कोरडा, सुटा तुरट. पाचाच्या आत संपली.

ही दुसऱ्या ग्लासातलीच वाईन आहे. तेच वर्ष, तेच पिंप, एकाच दिवशी भरलेल्या बाटल्या. माझी मुलगी जन्मली त्या हंगामातली ही वाईन. मी चोवीस बाटल्या घेतल्या होत्या. बारा वायनरीच्या तळघरात ठेवल्या. बारा घरी माळ्यावर, पत्र्याखाली, खोक्यात नीट आडव्या करून ठेवल्या, कारण त्या घरात असाव्यात असं मला वाटत होतं. दोन मे महिने गेले. तिसऱ्या वर्षी खोकं उघडलं तर बुचं वर आलेली आणि खोक्याच्या तळाला डाग. मुलगी तेव्हा शेजारी उभी होती, तिने विचारलं, बाबा, सांडली का? त्या बारापैकी शेवटच्या बाटल्या आज तुमच्यासाठी उघडल्या.

तळघरातल्याही आज उघडल्या, आता चार उरल्यात. त्या तिच्या अठराव्या वर्षापर्यंत हलवायच्या नाहीत असं ठरलंय. तोपर्यंत त्या टिकतील का, हे मला आज सांगता येणार नाही. दुसऱ्या ग्लासात घोटभर उरली असेल तर आता पुन्हा वास घ्या. तास होत आलाय, मघाशी नव्हता तो मिरीचा वास आता वर यायला लागलाय.